रिटर्नच्या खालच्या ओळी

कापसातून सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या जिनिंगचे पट्टे चालवणारी कंट्रोल पॅनलं अमरावतीत, राजापेठेतल्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर तयार होत. रूपाली तिथं प्रोग्रॅम लिहायची. पॅनलमधल्या नखाएवढ्या चिपमध्ये सी भाषेतला प्रोग्रॅम होता आणि आता त्यात जागाच उरली नव्हती. अकोल्याच्या जिनिंगला उष्णता मोजणारा नवा सेन्सर हवा होता. हंगाम तोंडावर आला होता, तेव्हा जुना कचरा काढणं भाग होतं.

प्रोग्रॅम तपासून चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरनं कचरा दाखवलाच. एका फंक्शनच्या पहिल्याच ओळीत रिटर्न होतं. म्हणजे प्रोग्रॅम उंबऱ्यावरूनच माघारी फिरणार, खालच्या ओळींपर्यंत कधी पोचणारच नाही. रूपालीनं तरीही त्या ओळी वाचल्या. मोटरवर अचानक ताण आला तर माणूस अडकलं असं समजून पट्टा थांबवायचा आणि भोंगा वाजवायचा, एवढंच त्यांचं काम.

"अनुपदादा, हे बंद कावून ठेवलं?"

मालक अनुपनं पडद्यावर नजर टाकली. "ओला कापूस आला की पट्टा घडीघडी थांबे. जिनवाले बोंबलत. हंगामापुरतं रिटर्न टाकलं होतं, मंग राहूनच गेलं."

"मंग आता?"

"आता काय? जे चालतच नाही, ते काढल्यानं कोणाचं काय जाते?"

म्हणणं बिनचूक होतं. तिनं ओळी पुसल्या.

टेबलावर चाचणीची छोटी मोटर आणि वीतभर रुंदीचा पट्टा होता. नवा प्रोग्रॅम चढवून ती वाकली, तशी ओढणी पट्ट्यात गेली आणि मोटर थांबली.

तिनं वायरी तपासल्या. पट्ट्यात हातरुमाल टाकला. तो गरगर फिरून चिंधी होऊन बाहेर आला. पेन्सिलीचे तुकडे झाले. मग खांद्यावरची ओढणी तिनं मुद्दाम पुढं केली. टोक जेमतेम टेकलं आणि मोटर थांबली.

"व्होल्टेज पडलं असन," अनुप म्हणाला.

चिपमध्ये गेलेली फाइल तिनं उघडून पाहिली. पुसलेल्या ओळींचा मागमूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अकोल्याच्या जिनिंगमध्ये नव्या पॅनलची चाचणी सुरू झाली. पत्र्याची शेड तापली होती. हवेत रुईचे तंतू, नाकात सरकीचा तेलकट वास. पट्ट्याशी तिथल्या जुन्या मजूर कौशल्याबाई कापसातला पालापाचोळा वेचत होत्या. चालत्या पट्ट्यावरच वेचायचं, हा तिथला शिरस्ता.

"बाई, हात सांभाळा," रूपाली म्हणाली.

"तुया जन्माच्या आदीपासून वेचून राहिली मी," त्या म्हणाल्या. "तू तुया डब्बा सांभाळ."

रूपाली पॅनलकडं वळली.

मागं भोंगा वाजला. लांब, पत्रा थरथरेल असा.

पट्टा थांबला.

ती धावली. कौशल्याबाई पट्टा फिरवणाऱ्या रुळापाशी ओणव्या होत्या. बाहीचा काठ रुळाखाली गेला होता. हात बाहेर होता, सबंध.

दोघींनी काठ फाडून सोडवला.

"भोंगा वाजला म्हणून म्या हात मांगं घेतला," त्या म्हणाल्या. मग पाची बोटं हलवून त्यांनी स्वतःच पाहिली. "चांगला डब्बा आणला व बाई."

बाहेर येऊन रूपालीनं अनुपला फोन लावला.

"दादा, त्या ओळी परत टाकून राहिली मी. अन् वरचं रिटर्न काढून."

"जागा कुठून आणशीन?"

"पॅनलवर आपल्या कंपनीचं चित्र येते ना, ते उडवते."

"उडव," अनुप म्हणाला. "ओल्या कापसाचं मी सांगतो जिनवाल्याइले."

तिनं पायरीवरच लॅपटॉप उघडला. ओळी परत आल्या, रिटर्न गेलं आणि कंपायलर निमूट राहिला. आत कौशल्याबाई बायकांना हात वर करून दाखवत होत्या आणि सगळ्या हसत होत्या. रूपालीलाही हसू आलं.

फाटकातून मोटरसायकल आत आली. जिनिंगचे वायरमन रामराव सकाळपासून बाजारात गेले होते. ते उतरले आणि पुठ्ठ्याचं खोकं तिच्यापुढं धरलं.

"भोंगा भेटला एकदाचा. कुठं लावू, ताई? जुन्याच्याच जागी का दारावर?"

"जुना कुठं आहे?"

"तो मागच्या वर्षीच जळला. काढून फेकला म्या."

ती शेडमध्ये गेली. खांबावर वरच्या बाजूला दोन वायरी लोंबत होत्या. टोकांना काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि चिकटपट्टीवर गेल्या हंगामातल्या रुईचा थर तसाच होता.