खिंडीत एक

वाणगावचा प्रविण माणसं मोजून पोट भरायचा. ही सवय त्याला लग्नाच्या पंगतीतही सुटत नसे. "काका, तीनशे वीस ताटं उठली, पण माणसं तीनशे चारच आहेत. कोण कोण दोनदा बसलं ते सांगू का?" असं त्याने एका यजमानाला भर मांडवात विचारलं होतं. हिशेब बरोबर निघाला, आणि तेव्हापासून त्याला आमंत्रणं येणं कमी झालं.

त्याच्या ताब्यात ठेकेदाराची पांढरी गाडी होती. टपावर दुमडून ठेवलेला उंच खांब, खांबाच्या टोकाला फिरता कॅमेरा. सभा, विसर्जन, जत्रा, जिथे गर्दी तिथे ही गाडी. आतल्या पडद्यावर प्रत्येक माणसाभोवती हिरवी चौकट उमटायची आणि कोपऱ्यात आकडा पळत राहायचा.

चैत्रात रानशेतच्या पुढे डोंगरच्या आईची जत्रा भरते. त्या सकाळी बंदोबस्ताची शिपाई शितल नाक्यावर गाडीत चढली आणि गाडी टुंग टुंग करायला लागली.

"पट्टा लावा मॅडम. त्याशिवाय ती गप्प बसत नाही."

"पोलिसालाच दम देते होय रे तुझी गाडी?"

"तिला वर्दी कळत नाही. सीटवर वजन आलं की बोंबलते."

शितलने हसत पट्टा लावला. मग थोडं थांबून म्हणाली, "या वर्षी नीट बघ हां, प्रविण. परत कोणाचं पोर नको जायला."

प्रविणने मान हलवली आणि गिअर बदलला.

देवळात चढायची वाट एकच, दोन कातळांमधल्या खिंडीतली. चाळीस पायऱ्या, तीन माणसं कशीबशी शेजारी मावतील एवढ्या. उतरायची वाट डोंगराच्या मागून. गेल्या वर्षी याच खिंडीत रेटारेटी झाली आणि करंजपाड्याची रविना, नऊ वर्षांची, तेविसाव्या पायरीवर चेंगरून गेली. गाडी तेव्हाही इथेच उभी होती. अहवालात लिहिलं होतं, 'तांत्रिक कारणाने कॅमेऱ्याची दिशा बदलली.' तांत्रिक कारणाचं नाव प्रविण. खाली मैदानात मौतका कुवा लागला होता, आणि एक बाई दोन्ही हात सोडून त्यात मोटरसायकल फिरवत होती. प्रविणने कॅमेरा तिकडे वळवला होता. चार मिनिटं अकरा सेकंद. हा आकडा त्याने कोणाला सांगितला नाही, आणि कोणी विचारलाही नाही.

सात वाजता त्याने खांब उभा केला. आगरहून आलेल्या बाया सुकटीच्या गोण्या सोडत होत्या, त्याचा वास गाडीत भरला. खिंड अजून रिकामी होती. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा आला: खिंडीत १.

प्रविणने चित्र जवळ आणलं. तेविसाव्या पायरीवर एक हिरवी चौकट होती. आत नुसता दगड. चौकट बेताच्या उंचीची, प्रविणच्या कमरेला लागेल एवढी.

त्याने खांब उतरवून भिंग पुसलं, यंत्र बंद करून चालू केलं. चौकट तिथेच. शेवटी शितलला वॉकीटॉकीवर सांगून तिला त्या पायरीपर्यंत चढवलं. आकडा दोन झाला.

"मॅडम, तुमच्या डाव्या हाताला काय आहे?"

"काही नाही. गार लागतंय फक्त. का रे?"

"काही नाही. या खाली."

नऊच्या सुमाराला करंजपाड्याची माणसं आली, रस्ता रुंद असूनही एकामागे एक, रानातल्या पायवाटेची सवय. पाड्याची रीत अशी, की डोंगर चढण्याआधी प्रत्येकाने झाडाखाली आपला खडा ठेवायचा आणि उतरल्यावर उचलायचा. कोण मागे राहिलं ते खडेच सांगतात. राखणीला जिवली बसली होती. हाडं वर आलेली म्हातारी, पण नजर घारीची. आपल्याच धंद्यातलं कोणी भेटल्यासारखा प्रविण तिच्याजवळ गेला.

"मावशी, हिशेब चुकला तुमचा. माणसं बेचाळीस, खडे त्रेचाळीस."

"चुकला नाय बाबू. तो पांढरा रविनाचा. गेल्या साली वर गेली, उतरली नाय. तिचा खडा दुसऱ्याने कसा उचलायचा?"

प्रविण गाडीत परतला.

खिंडीत नव्वद माणसं झाली की भोंगा वाजायचा आणि शितलने खाली दोरी लावून वाट अडवायची, असं ठरलं होतं. पण ती एक चौकट आकड्यात कायम. एकोणनव्वदलाच भोंगा वाजला, दोनदा. लोक कुरकुरले. "काय रे तुझं यंत्र, प्यायलंय का सकाळी सकाळी?" शितल ओरडली. ठेकेदाराचा माणूस फोनवर म्हणाला, "अरे, दगडाला माणूस समजतंय ते. तेवढी जागा झाकून टाक."

प्रविणने तेविसाव्या पायरीवर काळा चौकोन ओढला. झाकलेल्या जागेतलं काही दिसत नाही आणि मोजलंही जात नाही. चौकट गेली. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं बरं वाटलं नाही.

दुपारी साडेतीनला आभाळ भरून आलं. अवेळी ढग, कुंद हवा, मोहाच्या झाडांतून वारा नाही. पाऊस गाठेल म्हणून लोक घाई करायला लागले. आकडा मात्र शहाण्यासारखा वागत होता. एकाहत्तर. अडुसष्ट. सासष्ट.

गाडीच्या पत्र्यावर थाप पडली. जिवली होती.

"बाबू, खिंडीत माणसं थांबलीत. तुझा खांब बघतो ना?"

"बघतो मावशी. सासष्टच आहेत. काळजी नको."

"मग बाई कोण ओरडते?"

जनरेटरच्या घरघरीत त्याला काही ऐकू आलं नाही. त्याने पडदा नीट पाहिला. काळ्या चौकोनाच्या वर पायऱ्या मोकळ्या होत्या. खाली चौकटी हलत नव्हत्या. त्या एकमेकींत शिरत होत्या. माणसं इतकी चिकटली होती, की दोघातिघांची मिळून एक चौकट होत होती.

एकसष्ट. सत्तावन्न.

काळा चौकोन काढायला एक कळ पुरे होती. बोट कळीवर होतं आणि दाबत नव्हतं.

बाहेर जिवली पत्र्यावर हात टेकून उभी होती. नुसती बघत होती.

त्याने कळ दाबली.

तेविसाव्या पायरीवर एक बाई पालथी पडली होती. तिच्यावर गर्दी झुकली होती, मागून रेटा येत होता. पण तिच्याभोवती वीतभर जागा मोकळी होती. कोणाचा पाय त्या जागेत पडत नव्हता.

त्या जागेत ती छोटी चौकट उभी होती.

चौकटीला तोंड नसतं. तरी ती कॅमेऱ्याकडे बघत होती.

प्रविणने भोंगा दाबून धरला. "मॅडम, दोरी लावा! मागच्यांना मागे घ्या! बाई पडली आहे!"

खिंड मोकळी व्हायला अकरा मिनिटं लागली. बाईचं नाव तानी. मनगट मोडलं होतं, बांगड्या फुटल्या होत्या, जीव वाचला होता. "माझ्यावर कोणाचा पाय नाय पडला," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. शितल तिच्यासोबत ॲम्ब्युलन्समध्ये चढली. जाताना तिने प्रविणच्या पाठीवर थाप मारली. "या वर्षी बघितलंस रे."

पडद्यावर आकडा होता: खिंडीत ०. त्या दिवसात पहिल्यांदाच.

संध्याकाळी करंजपाड्याने खडे उचलले. झाडाखाली एकही उरला नाही.

"मावशी, पांढरा कोणी नेला?"

"ज्याचा तोच नेतो." जिवलीने लुगड्याची धूळ झटकली. "उतरली म्हणायची. लहान आहे, एकटी नाय जायची. कोणाच्या तरी सोबतीने जाईल."

खांब दुमडून प्रविण एकटाच निघाला. अजून उजेड होता. रानशेतच्या अलीकडच्या वळणावर गाडी टुंग टुंग करायला लागली.

बाजूची सीट रिकामी होती. पिशवी नाही, बाटली नाही. त्याने सीटवर हात फिरवला. गार लागली.

पुढे दोन मैल त्याने तो आवाज ऐकला. मग गाडी कडेला घेतली आणि समोर बघत म्हणाला, "मौतका कुवा बघत होतो मी."

टुंग. टुंग. टुंग.

तो वाकला, बाजूचा पट्टा ओढला आणि खटक्यात बसवला. आवाज थांबला.

पट्टा सीटला टेकला नाही. पाठीपासून वीतभर पुढे, ताणलेला राहिला.