सत्ताविसावा सदरा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. वाद घालायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

युद्धाचं दुसरं वर्ष. मंगळवार, दुपारचे तीन. आत्याच्या लाँड्रीत आम्ही दोघीच.

लष्कराच्या ट्रकमधून कुणीतरी एक गाठोडं दारात टाकलं आणि ट्रक निघूनही गेला. आत सत्तावीस सदरे... प्रत्येकाच्या कॉलरवर नंबर.

"अगं, आपण कुठे लष्कराचं काम घेतो?" मी म्हणाले.

"चुकून आलं असेल. आलंय तर टाकू धुऊन." कामाला नाही म्हणणं आत्याच्या रक्तातच नव्हतं.

गुरुवारपर्यंत सव्वीस सदरे वाळले. इस्त्री करून फळीवर ठेवले. एक तेवढा टबात राहिला.

त्याच दुपारी दुकानात बुटांचा आवाज आला...

टप... टप... थेट फळीपर्यंत.

वळून बघते तर कोणी नाही.

फळी रिकामी!

शुक्रवारी पोस्टाबाहेर यादी लागली. आपल्याच तोफांचे गोळे चुकून आपल्याच तुकडीवर पडले होते. गुरुवारी दुपारी. सव्वीस नंबर... सगळे आमच्या फळीवरचे.

आत्यानं टबातला सदरा उलगडला. कोपरावर रफू होतं, तिच्याच हातचं. दादा सुट्टीवर आला होता तेव्हा केलेलं. तिचा एकुलता एक मुलगा.

"हा वाळू द्यायचा नाही," ती म्हणाली.

दादा परत आला. एकटाच. साधं खरचटलंही नव्हतं. फक्त त्याचा हात कायम ओला लागायचा... खुर्चीवरून उठला की खाली ओल.

अकरा वर्षं आत्यानं टबातलं पाणी आटू दिलं नाही. कुणाच्या लग्नाला नाही, कुठे मुक्कामाला नाही. कापड कुजायला हवं होतं. नाही कुजलं.

जाताना माझा हात धरून म्हणाली, "पोरी, तेवढं पाणी बघ गं."

बघतेय. नऊ वर्षं झाली. कंबर गेली माझी.

काल दुपारी दादा आला. टबाशेजारी बसून राहिला.

"पिळून दोरीवर टाक ना गं," तो म्हणाला. "ते सव्वीस जण रोज दारात येऊन उभे राहतात. माझ्यासाठी खोळंबलेत. मी फार दमलोय."

दारात कोणीच नव्हतं. मी घाबरून टबात आणखी एक बादली ओतली. तो नुसता बघत राहिला माझ्याकडे.

रात्रभर रडले.

आज सकाळी सदरा बाहेर काढला. पिळला. तुम्हाला हे सांगतेय तेव्हा तो माझ्या मांडीवर आहे, अजून ओलाच.

बाहेर ऊन चांगलं पडलंय. काय करू, सांगा.