टेबल तीनवरची बोली

पाच नंबरच्या खुर्चीवर बसलेल्या नव्या माणसाच्या बाहीला माशाचा एक खवला चिकटला होता, आणि तानिसची नजर काही केल्या त्यावरून हलेना.

ऑक्टोबरातली मंगळवारची सकाळ होती. बाहेर पाऊस पडता पडताच गोठत होता. मूलनिवासी जमातीच्या कॅसिनोतल्या पोकरच्या खोलीत सहापैकी दोनच टेबलं चालू होती, आणि तीन नंबरवर तानिस नुकतीच पत्ते वाटायला बसली होती. वाटणारीने लक्ष पत्त्यांवर ठेवायचं असतं, खवल्यांवर नाही. डोक्यावर कॅमेरा होता आणि परवाना मिळून जेमतेम चार महिने झाले होते.

नव्या माणसाने चार चिप्स पुढे ठेवल्या, जरा थांबला, आणि हात मागे नेऊन आणखी चार उचलायला लागला.

"असं नाही चालत," तानिस म्हणाली. "जे लावायचं ते एकाच वेळी पुढे सरकवायचं. नाहीतर आधी तोंडाने सांगायचं."

"आणि सांगून झाल्यावर विचार बदलला तर?"

"बदलता येत नाही. तोंडाने बोललं की बोली पक्की."

"बापरे! आमच्या स्वयंपाकघरात असलं काही नसतं. आजी तर अर्ध्या डावात पत्ते बदलते."

"स्वयंपाकघरात कॅमेरा नसतो."

"नशीब आजीचं..." असं म्हणून तो हसला, आणि तानिसला पत्ते पिसायला नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लागला.

पहिल्या खुर्चीवर रोज खेळायला येणारी अर्डेल आजी होती. कानात मण्यांचे डूल, पुढ्यात चिप्सचा बुटका ढीग, आणि जीभ कात्रीसारखी. "अगं, नुसती बघत काय बसलीस? काढून दे त्याचा तो खवला. एऽऽय!"

चेष्टेच्या शेवटी असा लांब 'एऽऽय' लावला की इकडे कुणी राग मानत नाही. तानिसने मानला नाही, पण तिचे कान लाल व्हायचे ते झालेच.

त्याचं नाव एमरी. तळ्यापलीकडच्या वस्तीतला. जमातीच्या मत्स्यबीज केंद्रात माशांची पिल्लं वाढवून तळ्यात सोडायचं काम करायला आलेला. मंगळवार आणि गुरुवार त्याची सुट्टी, आणि दोन्ही दिवशी तो तीन नंबरवर हजर. वाटणारे दर अर्ध्या तासाने टेबल बदलतात, त्यामुळे दोघांची ओळख वाढली ती अर्ध्या अर्ध्या तासाने. डाव चालू असताना बोलायचं नाही. पत्ते पिसता पिसता तीन-चार वाक्यं बसतात, तेवढ्यात काय ते उरकायचं.

अशाच एका पिसण्यात त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझं कूळ कोणतं?"

तानिसने पिसलेले पत्ते पुन्हा पिसायला घेतले. एका कुळात लग्न होत नाही, आणि उगाच कुणी कूळ विचारत नाही.

"अस्वल," ती म्हणाली. "तुझं?"

"सारस."

दोघांनी एकदमच श्वास सोडला. "चला, सुटलो एकदाचे!" अर्डेल आजी म्हणाली. जणू तिचंच लग्न अडलं होतं.

मग मधल्या सुट्टीत मागच्या दाराशी कॉफी सुरू झाली. त्याने घरी धुरावर भाजलेला मासा आणला, तिने आईच्या हातची तळलेली भाकरी. तो दर वेळी सुरुवात करायचा, "तानिस, मला असं वाटतं की..." आणि मग तोंडातल्या तोंडात घुटमळून थेट माशांवर यायचा. नोव्हेंबर संपेपर्यंत माशांच्या पिल्लांबद्दल तानिसला सगळं कळलं होतं. त्याच्या मनाचा मात्र पत्ता नव्हता.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी व्हर्ना मावशीने तिला बाजूला घेतलं. व्हर्ना तिच्या आईची चुलत बहीण, आणि पोकरच्या खोलीची मुख्य.

"रोलंडने तक्रार लिहून दिलीय. म्हणे तू वाटतेस तेव्हा तो मासेवाला जिंकतो."

रोलंड म्हणजे सात नंबरची खुर्ची. जिंकला तर अक्कल त्याची, हरला तर चूक वाटणाऱ्याची.

"खोटं आहे, मावशी!"

"ते कॅमेऱ्यात दिसेलच. मी वेगळं विचारतेय. तुमच्यात काही आहे का? नियम तुला पाठ आहे. नात्याचं किंवा प्रेमाचं माणूस टेबलावर असेल तर तिथे वाटायचं नाही. आधी सांगितलंस तर वहीत एक ओळ. लपवलंस आणि नंतर निघालं, तर परवाना गेला. मी मावशी असले तरी वाचवू शकणार नाही."

काय सांगायचं? त्याने तर चकार शब्द काढला नव्हता. तिने वहीत नाव घालायचं, आणि तो म्हणाला, 'कोण, मी?' तर! हातातली कॉफी निवायच्या आत बातमी आईच्या दारात पोहोचली असती. पण गप्प राहून परवाना गेला तर? या कामासाठी तिने सहा महिने रोज पत्ते पिसून बोटं दुखवून घेतली होती.

"काही नाही," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की... नाही काही."

तासाभराने तिची तीन नंबरवर पाळी आली. आज तो नसू दे, असं म्हणतच ती खुर्चीत बसली. तो होता. आज दुसऱ्या बाहीला खवला होता.

तिसऱ्याच डावात रोलंडने सगळ्या चिप्स पुढे लोटल्या. एमरीने आपले दोन पत्ते पाहिले, तिच्याकडे मुळीच पाहिलं नाही, आणि म्हणाला, "मीही सगळं."

दोघांनी पत्ते उलटे केले. रोलंडकडे एक्क्यांची जोडी. एमरीकडे राजांची. टेबलावर चार पत्ते उघडे होते, त्यांत ना एक्का ना राजा. पाचवा, शेवटचा एकच पत्ता उरला होता, आणि जिंकायला एमरीला तो राजाच हवा होता.

तानिसने रिवाजाप्रमाणे टेबलावर बोटं वाजवली, वरचा एक पत्ता उपडाच बाजूला सारला, आणि पुढच्यावर अंगठा ठेवला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती मनात साकडं घालतेय. राजा येऊ दे. राजा येऊ दे. इतक्या महिन्यांत कुठला पत्ता यावा असं तिला कधी वाटलं नव्हतं. अंगठा जागच्या जागी थिजला.

"अगं, उलट की!" रोलंड खेकसला.

तिने पत्त्यांवरचा हात काढून घेतला. "फ्लोअर!"

टेबलावर अडलं की मुख्यासाठी मारायची ती हाक. व्हर्ना मावशी आली. "काय झालं?"

"हा पत्ता मला उलटता येणार नाही."

"का?"

"कारण तो कुठला यावा असं मला वाटतंय."

मावशीने भुवया उंचावल्या. "कुणासाठी?"

अजूनही थाप मारता आली असती. तानिसने एकदा वर कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"पाच नंबरसाठी. नाव लिही, मावशी. त्याच्या बाजूचं मला माहीत नाही... माझ्या बाजूने आहे."

"तासापूर्वी काही नाही म्हणालीस."

"तासापूर्वी हा पत्ता हातात नव्हता."

"मी सांगत नव्हतो?" रोलंड टेबलावर थाप मारून उठला.

"पत्ता अजून उपडाच आहे, रोलंड. तुझं काही बिघडलेलं नाही. बस खाली," मावशी म्हणाली.

तानिस उठली. टेबल सोडताना दोन्ही तळवे कॅमेऱ्याला उलटसुलट दाखवायचे असतात, हातात काही नाही म्हणून. तिने दाखवले. एमरी खाली मान घालून बसला होता. ती दाराकडे चालू लागली, तेव्हा डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं.

"फ्लोअर!"

तिने वळून पाहिलं. हाक एमरीने मारली होती. तो उभा होता, तोंड पांढरंफटक.

"आता तुझं काय?" मावशी वैतागली. "सगळं तर लावून बसलायस."

"मला तोंडाने सांगायचंय. दोन महिने मी अर्धं पुढे करतोय आणि हात मागे घेतोय. माझंही नाव लिहा... तिच्या शेजारी."

"मोठ्याने बोल रे," अर्डेल आजी म्हणाली. "मला कमी ऐकू येतं."

"माझं तानिसवर प्रेम आहे!"

शेजारच्या टेबलावरचा डावसुद्धा थांबला.

"बघ हं," तानिस कशीबशी म्हणाली. "बदलता येत नाही."

"माहीत आहे. तूच सांगितलंस."

व्हर्ना मावशी स्वतः खुर्चीत बसली आणि तिने पत्ता उलटला. किलवरची तिर्री. रोलंडने ओरडून ढीग कवेत घेतला. मावशीने त्याला विचारलं, तक्रार तशीच ठेवायची की फाडायची. तो पुटपुटला, "फाडा." मग मावशीने वहीत दोघांच्या नावांची एक ओळ लिहिली; परवान्याची गोष्ट काढली नाही.

एमरीकडे एकही चिप उरली नव्हती. तो टेबलापासून दूर आला आणि तिच्यासारखेच दोन्ही तळवे त्याने कॅमेऱ्याला उलटसुलट दाखवले.

तानिस रडता रडता हसली. मग सगळ्यांदेखत तिने हात पुढे केला आणि त्याच्या बाहीवरचा खवला हलकेच काढून घेतला.