हरवले-सापडले

डब्यातली शेवटची चिठ्ठी उघडली आणि योगिताच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"काय झालं ताई?" संस्कृतीनं विचारलं.

योगितानं चिठ्ठी फळ्यावर लावली. त्यावर एकच शब्द होता. प्रविण.

बीडमधल्या त्या छोट्या कंपनीत शेळ्या पाळणाऱ्यांसाठी मोबाइलचं ॲप बनत असे. दर पंधरवड्याला टीम एकत्र बसून काय जमलं, काय फसलं ते बोलायची. या बैठकीला सगळे रेट्रो म्हणत. ती घ्यायचं काम योगिताचं. हल्ली कुणी तोंडच उघडत नव्हतं, म्हणून तिनं आज जत्रा मांडली होती. फळ्यावर आकाशपाळणा आणि मौत का कुआँ, भिंतीवर फुगे, कोपऱ्यात 'हरवले-सापडले'चा डबा. आपलं काय हरवलं, ते चिठ्ठीवर लिहून, स्वतःचं नाव न घालता त्यात टाकायचं.

प्रविण खरंच हरवला होता. जंताच्या औषधाचा निरोप ॲपवरून गेला, तो गाभण शेळ्या असलेल्यांनाही गेला. पाली गावच्या म्हाळूनं तो वाचून सगळ्या कळपाला औषध पाजलं. शेळ्या गाभडल्या, पोटातली करडं गेली. निरोप प्रविणच्या संगणकावरून गेलेला. 'गाभण जनावरं वगळा' या चौकोनात टिक करायला तो विसरला, असं योगितानंच मालक सुंदररावांना सांगितलं. "मी पाठवलंच न्हाई, मी जेवायला गेलतो," असं तो म्हणत राहिला. त्याला घरी बसवलं गेलं.

योगिताला त्यानंतर धड झोप नव्हती.

"आता फुगे," ती म्हणाली. आवाज तिनं हलका ठेवला. "फोडायचा आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. पंडित, तू."

फट्!

"निरोप गेला त्या दुपारी कुठं होतास?"

"गच्चीवर, डबा खात. प्रविणशी सकाळीच भांडलो होतो मी, पण त्याचं वाईट नव्हतं चिंतलं."

"आणि तू, संस्कृती?"

"पंडितबरोबरच. खाली आलो तर सगळं नेहमीसारखंच होतं. पंखे चालू, संगणक चालू." तिचे डोळे भरले. "ताई, ही चिठ्ठी माझी नाही."

बजरंगदादा टीममधले सगळ्यात जुने. प्रविणला त्यांनीच काम शिकवलं होतं. त्यांनी फुगा फोडला नाही, नुसता हातात धरला.

"दादा, तुमी?"

"ही दोघं गच्चीवर गेली तवाच परळीला गेलतो, साखर कारखान्याच्या कामाला. सांजच्याला आलो."

"प्रविण विसरला असंल, असं वाटतं तुमाला?"

"विसरायचा न्हाई तो." दादांनी फुगा घट्ट धरला. "टिक व्हती. लाईट जाऊन आली की नेट तुटतं, पान नव्यानं उघडतं आन् टिक उडती. पोराचा काय दोष?"

"दादा," योगिता हळूच म्हणाली, "त्या दिवशी लाईट गेली होती, हे कुणी सांगितलं?"

"सांगितलं असंल कुणीतरी."

"कुणी? मी कपिलधारला मेळाव्यात होते. ही दोघं गच्चीवर. इन्व्हर्टरमुळे पंखेही थांबले नाहीत, फक्त नेट तुटलं, म्हणून खाली आल्यावरही त्यांना कळलं नाही. प्रविण त्या पानासमोर असता, तर त्यानं पहिल्यांदा हेच सांगितलं असतं. त्याला लाईटीचा पत्ताच नव्हता. टिक आधी होती आणि मग उडाली, हे फक्त निरोप पाठवणाऱ्यालाच दिसलं असणार. तुमी लगेच परळीला गेला नाहीत, दादा. निरोप पाठवून मग गेलात."

बजरंगदादांच्या हातातला फुगा सुटला.

"सुंदररावांचा हापिसात फोन आलता. प्रविणला सांगा, निरोप आत्ताच्या आत्ता गेला पायजे, म्हणले. प्रविण जागेवर न्हवता, संगणक उघडा व्हता. मी टिक केली, लाईट गेली, आली, मी बटन दाबलं. मग बघितलं तर टिक न्हाई." ते खुर्चीत बसले. "लई भ्यालो बघा. परळीला पळालो. म्हणलं, उद्या सांगू. उद्या त्याच्यावरच आलं."

"आणि ही चिठ्ठी?"

"माझीच. कुणीतरी विचारावं, म्हणून."

ते उठले. "म्हाळूच्या दारात जातो आधी. मग सुंदररावांकडं."

त्यांना अडवायला कुणी उठलं नाही. योगितालाही त्यांच्यावर रागवता येईना. दादा भिऊन गप्प बसले होते. ती मात्र न भिता, न विचारता निकाल देऊन मोकळी झाली होती.

तिनं प्रविणला फोन लावला. त्याला सगळं सांगितलं.

"ताई, हे माझ्या आईला सांगा," तो म्हणाला. "तिला गावात लई ऐकावं लागलं."

त्याच्या आईनं, भामाबाईंनी, फोन घेतला. योगितानं अडखळत सांगितलं, "तुमच्या प्रविणची चूक नव्हती. मी नीट विचारलंच नाही."

"मला ठावं व्हतं," भामाबाई म्हणाल्या. "तुमाला का न्हाई कळलं?"