सरांच्या खिशातली सुई

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या रे पोरांनो, मध्ये कोणी खिदळलेलं मला चालायचं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं त्या पंजाला मी चांगला ओळखतो. माणूस थापाड्या नाही. उलट चार शब्द बोल म्हटलं तर दोनातच उरकणारा.

पंजा म्हणजे कॉलेजच्या फुटबॉल टीमचा एके काळचा गोलकीपर. हात सुपाएवढे, म्हणून सरांनी ठेवलेलं नाव. पुढे तो विजेच्या जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळून देणाऱ्या दुकानात लागला, तिथे सगळे त्याला मिस्त्री म्हणत. लग्न राहून गेलं. घरी वाट बघणारं कोणी नाही. पण दर शनिवारी संध्याकाळी तो मैदानावर जायचा आणि फुटबॉलचे सर लांबूनच ओरडायचे, "काय पंज्या, हात घरी विसरलास की आणलेस?" तेवढी एक हाक त्याला आठवडाभर पुरायची.

सर गेले. तीन आठवडे झाले, त्याला पंज्या म्हणणारं कोणी उरलं नाही.

सरांच्या आठवणीसाठी रविवारी सकाळी मॅच ठरली. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, एवढंच मागितलं, "पहिली किक त्यांच्या जुन्या चामड्याच्या चेंडूला बसू दे. बाकी तुमचं तुम्ही बघा." तो चेंडू काढून हवा भरून ठेवायचं काम पंजानं अंगावर घेतलं. नोव्हेंबरातला दुसरा शनिवार होता. दुकानात एक मोटर अडून बसली, म्हणून तो मैदानावर पोचला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली सामानाची खोली. त्यानं आत जाऊन कडी घातली, दिवा लावला. चुन्याच्या गोण्या, गोलची जाळी, खुंटीवर सरांची शिट्टी. चेंडू फळीवर होता, दात गेलेल्या म्हाताऱ्याच्या गालासारखा चेपलेला. खाली पंप. पंजानं पंप उचलला मात्र, आणि मटकन बाकावर बसला.

सुई.

पंपाची सुई सर स्वतःच्या खिशात ठेवायचे. पोरांच्या हाती दिली की हरवलीच म्हणून समजा. हवा भरताना आधी ती ओठांत धरून ओली करायचे. "कोरडी सुई घातली तर चेंडूचा घसा फाटतो रे." हवा भरून झाली की दार ठोठावावं तसं चेंडूवर दोनदा ठोठावायचे. टणटणला की खूश. "हं, बोलला!"

सर गेले त्या दिवशी त्यांचा शर्ट बदलताना ती सुई खाली पडली. ती उचलून नव्या शर्टाच्या खिशात कोणी ठेवली? पंजानंच. "सरांना सुईशिवाय कसं पाठवायचं?" म्हणाला. सगळ्यांचे डोळे भरून आले. पुढच्या मॅचचा विचार तेव्हा कोण करतंय!

आता काय? दुकानं बंद. त्यानं पेनातली रिकामी नळी घालून बघितली, ती वाकली. तोंड लावून फुंकलं, गाल दुखले, चेंडू ढिम्म. भोक बाहीनं कोरडं पुसून त्यानं चेंडू परत फळीवर ठेवला. शेवटची बसही निघून गेली होती. सकाळी काकूंना काय तोंड दाखवायचं? दिवा मालवून तो बाकावर आडवा झाला, भिंतीकडे तोंड करून. अंधारातच पुटपुटला, "सर, चुकलंच माझं."

डोळा लागला असावा. जाग आली ती... आवाजानं.

फुस्स...

थोडं थांबून पुन्हा.

फुस्स...

पंजानं श्वास रोखला. दाराला आतून कडी होती. त्यानंच घातलेली.

फुस्स... फुस्स...

मलमाचा वास आला. सर डाव्या गुडघ्याला चोळायचे, ते. गुडघा कायमचा दुखावलेला. चालताना पाय ओढायचे.

मान वळवावी... वळेना. सुपाएवढे हात छातीशी गोठले.

आवाज थांबला.

टण्. टण्.

आता हाक येईल. भीती होतीच रे... पण भीतीपेक्षा वाट जास्त. एकदाच म्हणा. पंज्या म्हणा.

...

"सर?"

...

पाय ओढत कोणीतरी दाराकडे गेलं. कडी वाजली नाही.

"सर... थांबा की जरा."

कोणी नव्हतं.

उजाडेपर्यंत तो तसाच पडून राहिला. मग उठला. कडी जागच्या जागी. पंप भिंतीला टेकवलेला, तोंड बोडकं, सुईबिई काही नाही. चेंडू फळीवर. गच्च.

तो चेंडू पोटाशी धरूनच बाहेर आला. मैदानाच्या कडेला काकू उभ्या होत्या. त्यांनी चेंडू हातात घेतला, घरच्या सवयीनं दोनदा ठोठावला.

"बोलतोय की रे! दुसरी सुई कुठे मिळाली तुला?"

पंजानं आपले रिकामे हात पुढे केले.

काकूंनी चेंडू फिरवला. हवा भरायच्या भोकावर अंगठा ठेवला, आणि तशाच थांबल्या. मग तो अंगठा त्याच्यापुढे धरला.

ओला होता.