बुवा विझले!

या बाळांनो, पुढं सरका, मांडी घालून बसा. आज चंद्रावरच्या कीर्तनाची गोष्ट ऐकायची आहे.

चंद्रावरच्या वस्तीत, काचेच्या मोठ्या घुमटाखाली, पहिलंवहिलं कीर्तन ठरलं होतं. पृथ्वीवरून भार्गवबुवा यायचे होते आणि त्यांच्यामागे टाळ धरायचा मान मिळाला होता इरावतीला. पोरगी आठवडाभर हवेत तरंगत होती. चंद्रावर ते सोपंच!

अवकाशतळावरून (वस्तीबाहेर यानं उतरतात ती जागा) निरोप येत ते इंग्रजीत. ते मराठीत सांगायचं काम टुणटुण नावाच्या यंत्रमानवाचं. सकाळी निरोप आला, ‘लाइट हॅज गॉन ऑफ.’ दिवा विझला होता. टुणटुणनं मनाशी खूणगाठ बांधली, ‘गॉन ऑफ’ म्हणजे विझणं. झालं!

दुपारी ‘गॉन ऑफ’चेच आणखी दोन निरोप घेऊन तो धावत आला. “प्रसादाचं दूध विझलं!” आणि पाठोपाठ, “बुवा विझले!”

इरावतीच्या हातून टाळ सुटले. चंद्रावर सगळं सावकाश पडतं, तसे तेही सावकाश पडले. शेजारच्या कुमुदकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. “अगंबाई, सकाळी तर बोलले माझ्याशी!”

इतक्यात वेशीवरचा भोंगा असा कोकलू लागला, की कान किटले. तळावरून आलेला नवा निरोप ऐकून टुणटुण गंभीरपणे म्हणाला, “भोंगा विझला.”

डोळे पुसता पुसता इरावती थबकली. “खुळ्या, विझलेला भोंगा बोंबलतो होय? आजोबा, मग बुवासुद्धा...?”

तिचे आजोबा भाषांचे शास्त्रज्ञ. ते हसले. “बरोबर पकडलंस! अशी खूण धर, ‘गॉन ऑफ’ म्हणजे होतं ते सोडणं. दिवा उजेड सोडतो, विझतो. दूध गोडी सोडतं, नासतं. भोंगा गप्प बसणं सोडतो, कोकलतो. कोण काय सोडतंय, ते संदर्भावरून (शब्दाच्या आजूबाजूच्या हकिकतीवरून) ओळखायचं. आपल्याकडे नाही का? ठेच लागते, भूक लागते, समाधीही लागते!”

“मग बुवांनी काय सोडलं?”

“देह,” टुणटुण म्हणाला.

“तळ सोडला रे, शहाण्या! निघालेत ते!” इरावती ओरडली. “आणि भोंगा कशाचा? वेशीचं दार उघडल्याचा!”

दारातून चिपळ्या वाजल्या. “कोण म्हणतं बुवा विझले? पांडुरंगानं घातलेलं तेल आहे अजून!”

मग काय, इरावतीच्या टाळांनी घुमट दुमदुमला. नासलेल्या दुधाचा काकूंनी कलाकंद केला. शेवटी तळावरून निरोप आला, ‘कीर्तन वेंट ऑफ वेल.’ टुणटुणनं तोंड उघडलं, मिटलं. माणसांचे फुललेले चेहरे पाहिले. मग हळूच म्हणाला, “कीर्तन... छान पार पडलं.”

“शाबास!” आजोबा म्हणाले. “उद्या परग्रहावरचा पाहुणा आला, तरी त्याचं बोलणं तू उलगडशील.”

तर बाळांनो, अडलेला शब्द भेटला की आधी त्याच्या शेजाऱ्यांना विचारा. आणि सांजवात लावून हात जोडाल, तेव्हा त्या भाबड्या टुणटुणचीही आठवण असू द्या.