दोराचं शेपूट

हवालदारबाईंचा दोर हा साऱ्या छावणीच्या चेष्टेचा विषय होता. बाईंची नोकरी लष्करातली, काम संकटकाळाची तयारी शिकवण्याचं, आणि घरची माणसं म्हणजे त्यांना आयते सापडलेले रंगरूट. स्वयंपाकघराच्या दाराशी पाणी, विजेरी, औषधं आणि कागदपत्रं भरलेली पिशवी कायम टांगलेली, आणि तिच्याशेजारी तो चार गाठींचा दोर. धुरात काही दिसत नाही, म्हणून एकेकाने एकेक गाठ धरायची. पहिल्या गाठीला बाई, दुसरीला सासूबाई, तिसरीला सहा वर्षांची चिंगी आणि चौथीला बाईंचे यजमान, शाळेतले मास्तर. बाईंनी हिसका दिला की मागच्या प्रत्येकाने एकेक हिसका परत द्यायचा. तीन आले की सगळे आहेत. चौथ्या गाठीमागे दहा हात दोर मोकळा सोडलेला असे. वाटेत कुणी सापडलं तर त्याने धरावा, म्हणून हे शेपूट.

"सूनबाई, संकट येईल तेव्हा येईल," सासूबाई म्हणायच्या, "तोवर माझा खांदा मात्र नक्की निखळेल!"

चिंगी हिसका द्यायला हमखास विसरायची, आणि मग बाई सगळ्यांना स्वयंपाकघरापासून पुन्हा चालायला लावायच्या. मास्तर या कवायतीला इतके कंटाळले, की लेकीच्या वाटचा हिसकाही गुपचूप आपणच देऊ लागले. सराव झटपट आटपू लागला. बाई खूश, चिंगी खूश, मास्तर तर विचारूच नका.

एका सुट्टीच्या दुपारी मागच्या गोदामात इंधनाची पिंपं पेटली. काळाकुट्ट धूर दारा-खिडक्यांतून आत घुसला. भरदुपारी स्वतःचा हात दिसेना. जळक्या रबराचा वास घशाशी बसला. बाहेर भोंगा कोकलत होता, तोही मध्येच गप्प झाला. बाईंनी दोर काढला, सगळ्यांच्या हाती गाठी दिल्या आणि भिंतीला धरून निघाल्या. अर्ध्या वाटेत त्यांनी हिसका दिला. एक... दोन... तीन. त्यांचा जीव भांड्यात पडला.

बाहेर पायरीवर येऊन त्या वळल्या, तर तिसरी गाठ रिकामी.

"अहो, चिंगी कुठाय? तीन हिसके आले होते!"

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. "दोन... माझेच होते गं. सवयीनं दिले..."

बाई आत धावल्या, पण धुराने त्यांना दारातूनच मागे ढकललं. त्या पुन्हा शिरणार एवढ्यात मास्तर कुजबुजले, "थांब... दोर ओढतंय कुणीतरी."

दोराचं शेपूट अजून उंबऱ्याच्या आतच होतं. ते हळूहळू ताठ झालं. मग आतून एक हिसका आला. जरा वेळाने दुसरा. मग तिसरा. घाई नाही, गडबड नाही, अगदी बाई शिकवायच्या तसे.

बाई श्वास रोखून दोर ओढू लागल्या. आतून पावलं ऐकू आली. एक जोडी पावलं बुटांची होती... आणि दुसरी अनवाणी.

धुरातून चिंगी बाहेर आली. मनगटाला दोर बांधलेला, पायात दोन्ही बूट. मग काय विचारता! सासूबाईंनी तिचे मुके घेतले, पाठीत एक धपाटा घातला आणि पुन्हा मुके घेतले. मास्तर कान पकडून हसत होते, रडत होते. बाईंनी लेकीला उचलून असं घट्ट धरलं, की ती ओरडली, "आई, चेंगरतेय मी!"

"आत का गेलीस गं?"

"बूट घालायला. तूच म्हणतेस ना, अनवाणी बाहेर पडायचं नाही."

"आणि दोर कुणी बांधला?"

"मावशीनं. आत होती ती." चिंगी आईच्या कानाशी आली. "ती म्हणाली, तुम्ही दरवेळी मला सोडूनच मोजता."

मैदानावर छावणीचा नाईक वही घेऊन उभा होता. "घर क्रमांक सात, पाच जण. सगळे सुखरूप!"

"चारच आहोत आम्ही."

"बाई, चष्मा लावून मोजलेत. तुमच्या मागून आलेल्या त्या... बिचाऱ्या अनवाणीच आल्या की हो."

बाईंच्या मानेवर काटा आला. मागे वळून बघायचा धीर होईना. पण खांद्यावर चिंगीचा ऊन ऊन श्वास लागत होता, आणि त्या श्वासापुढे त्यांना दुसरं काहीच मोठं वाटेना. जिने ही परत आणून दिली, तिला नाही कसं म्हणायचं?

"आमच्याच आहेत त्या," बाई हळूच म्हणाल्या. "पाच लिहा."

नाईकाने पाच लिहिलं. धूर निवळला होता, घरी जायला हरकत नाही म्हणाला. सासूबाईंनी पिशवी उचलली, मास्तरांनी दोर गुंडाळला, आणि हसत-खिदळत सगळे निघाले. चिंगी आईच्या खांद्यावरून मागे बघत होती. मध्येच तिने मान तिरकी केली, कुणाचं तरी ऐकून घेतलं, आणि म्हणाली,

"आई, मावशी विचारतेय, तिचं अंथरूण कुठे घालायचं?"